तुमच्या टाळूचं वय किती?

जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या मागे टेकवा. तिथे आडव्या सुरकुत्या लागतील. आता जीभ मागे सरकवत न्या, पण अगदी मधोमध. एक बारीक उभी रेघ जाणवते का? कुणाला ती किंचित उंच लागेल, कुणाला जराशी खोलगट. आरशासमोर तोंड उघडून बॅटरी मारली तर दिसेलसुद्धा. पुढच्या दोन मोठ्या दातांच्या मध्ये ती सुरू होते आणि सरळ पडजिभेच्या दिशेने जाते.

ही रेघ टाळूच्या मांसल आवरणातली. खरी नवलाची गोष्ट तिच्या वर, हाडात आहे. तुम्ही नऊ-दहा वर्षांचे असाल तर तुमच्या टाळूचं हाड अजून अखंड झालेलं नाही! उजवं हाड वेगळं, डावं हाड वेगळं, आणि दोघांच्या मध्ये अगदी अरुंद फट. त्या फटीत चिवट धाग्यांचं जाळं असतं आणि त्या धाग्यांनी दोन्ही हाडं एकमेकांना धरून ठेवलेली असतात. हाडांच्या अशा जोडाला शिवण म्हणतात. तुमच्या आजोबांच्या टाळूतली शिवण बहुधा बरीचशी बुजून गेली असेल. तुमची मात्र अजून उघडी आहे, आणि ती उघडी आहे म्हणूनच काही मुलांचा अरुंद राहिलेला जबडा डॉक्टर रुंद करू शकतात.

टाळू म्हटलं की घरातल्या मोठ्यांना आधी बाळाच्या डोक्यावरची मऊ जागा आठवते. आजी न्हाऊ घालताना तिथे तेल चोळते आणि ‘टाळू भरली का’ म्हणून हात लावून बघते. ती जागाही शिवणींचीच. कवटीची हाडं जन्माच्या वेळी सुटी असतात आणि त्यांच्या शिवणी जिथे एकत्र येतात तिथे मोठी मोकळी जागा राहते. डोक्यावरची ही टाळू साधारण दीड वर्षापर्यंत भरते. तोंडातल्या टाळूची शिवण मात्र कितीतरी वर्षं वाट बघते. एकाच माणसाच्या डोक्यात एक फट दीड वर्षात बंद होते आणि दुसरी पंधरा, वीस, कधी पंचवीस वर्षं उघडी राहते, हे मला फार विलक्षण वाटतं.

ही दोन हाडं आली कुठून? त्यासाठी आईच्या पोटात जावं लागेल. तुम्ही सात आठवड्यांचे होता तेव्हा तुम्हाला टाळू नव्हतीच. नाक आणि तोंड मिळून एकच पोकळी होती. तिच्या दोन्ही बाजूंनी मांसाच्या दोन पट्ट्या निघाल्या होत्या आणि त्या जिभेच्या डावी-उजवीकडे खाली लोंबत होत्या. मग जीभ खाली गेली, पट्ट्या उचलल्या जाऊन आडव्या झाल्या, मध्यावर एकमेकींना भिडल्या आणि बाराव्या आठवड्याच्या सुमारास जुळल्या. वर नाक, खाली तोंड, अशा दोन खोल्या झाल्या. कधी कधी हे जुळणं राहून जातं. अशा बाळाची टाळू दुभंगलेली असते. ती शस्त्रक्रियेने जोडता येते आणि पुढे ती मुलं छान बोलतात, खातात. पण नीट जुळलेल्या टाळूतही हाड तयार होतं ते दोन बाजूंना वेगवेगळंच.

खरं तर टाळूच्या हाडात दोनपेक्षा जास्त भाग आहेत. पुढचा मोठा भाग वरच्या जबड्याच्या दोन हाडांचा, मागचा छोटा भाग आणखी दोन हाडांचा. म्हणजे चार तुकडे. उभी शिवण पुढून मागे जाते, आडवी शिवण तिला मागच्या बाजूला छेदते आणि अधिक चिन्ह तयार होतं. आपल्याला आज बोलायचं आहे ते उभ्या शिवणीबद्दल.

आता कुणीतरी विचारेलच, की निसर्गाने ही फट ठेवलीच कशाला? जन्मतःच अखंड हाड दिलं असतं तर?

तर तुमची टाळू बाळाएवढीच अरुंद राहिली असती. हाड ताणून मोठं होत नाही. त्याच्या कडेला नवं हाड साचतं तेव्हा ते वाढतं. टाळूची दोन हाडं हळूहळू एकमेकांपासून दूर सरकतात आणि शिवणीतल्या पेशी दोन्ही काठांवर नवं हाड रचत जातात. फट मोठी होत नाही, टाळू रुंद होते. दुधाच्या दातांच्या जागी मोठे दात यायचे असतात. त्यांना जागा या रुंदीतूनही मिळते. शिवाय टाळूची वरची बाजू म्हणजे नाकाची जमीन. टाळू रुंद झाली की नाकातली वाटही रुंद होते.

शिवणीचं आणखी एक काम आहे. नगर जिल्ह्यात संगमनेरी शेळ्या तुम्ही पाहिल्या असतील. दोन बोकड मागे सरून एकमेकांवर धाव घेतात आणि खाडकन डोकी आपटतात, तरी त्यांची कवटी फुटत नाही. १९९० मध्ये अमेरिकेतल्या क्रिस्टीन जास्लो या संशोधिकेने शेळ्यांच्या कवटीचे छोटे तुकडे घेऊन त्यांची ताकद मोजली. काही तुकडे नुसत्या हाडाचे होते, काहींत मधून शिवण जात होती. शिवण असलेल्या तुकड्यांनी धक्का जास्त जिरवला, आणि शिवण जितकी वेडीवाकडी तितका जास्त! आपण टकरा घेत नसलो तरी चावतो. ऊस दाताने सोलताना, कडक भाकरी किंवा हुरडा खाताना वरच्या जबड्यावर चांगलाच जोर येतो. तो जोर जिरवायला शिवणी कामी येतात.

हा जोर जबड्याच्या वाढीलाही लागतो. १९८१ मध्ये बीचर आणि करुचिनी या शास्त्रज्ञांनी काही उंदरांना नेहमीचं कडक खाणं दिलं आणि काहींना तेच खाणं मऊ करून दिलं. मऊ खाणाऱ्या उंदरांचा वरचा जबडा अरुंद राहिला. माणसांच्या बाबतीत आईवडिलांकडून आलेली चेहऱ्याची ठेवण, सवयी, आजारपणं अशी बरीच कारणं एकत्र येतात, त्यामुळे नुसत्या बिस्किटांना दोष देता येणार नाही. तरीही ऊस मिळाला तर रस काढून आणण्यापेक्षा दातांनी सोलून खा, असं मी सांगेन.

शिवणीचं वय कसं वाढतं ते बघायला तुमचे दोन हात पुरेसे आहेत. दोन्ही हातांच्या बोटांची टोकं एकमेकांना नुसती टेकवा. जरा ओढलं की हात सुटतात. ही लहान मुलाची शिवण, बहुतेक सरळ आणि रुंद. आता एका हाताची बोटं दुसऱ्या हाताच्या बोटांमध्ये अर्धवट घाला. ओढलं तर सुटतील, पण थोडा जोर लागेल. ही दहा-बारा वर्षांची शिवण. शेवटी बोटं पार मुळापर्यंत गुंतवा, आवळून धरा आणि ओढून बघा. ही तेरा-चौदा वर्षांच्या पुढची. यानंतर जे होतं ते हातांनी करून दाखवता येणार नाही, कारण तेव्हा एका बाजूचं हाड दुसऱ्या बाजूपर्यंत पोचतं आणि दोघांचं एक हाड व्हायला लागतं.

हे सगळं कुणी पाहिलं? डेन्मार्कच्या बिर्टे मेल्सन यांनी. मरण पावलेल्या मुलांच्या आणि तरुणांच्या टाळूचे पातळ काप करून त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि १९७५ मध्ये आपला अभ्यास छापला. बाळाची शिवण रुंद, दहाच्या पुढे नागमोडी, तेरा-चौदाच्या पुढे दोन्ही काठ एकमेकांत घट्ट शिरलेले, असा क्रम त्यांना दिसला. दोनच वर्षांनी, १९७७ मध्ये, स्वीडनमधल्या मॉरिट्स पर्सन आणि बिर्गिट थिलांडर यांनी १५ ते ३५ वर्षं वयाच्या माणसांच्या शिवणी तपासल्या. त्यांचा प्रश्न सोपा होता: शिवण नेमकी कोणत्या वयात बंद होते?

उत्तर काही सोपं मिळालं नाही. एका पंधरा वर्षांच्या मुलीच्या शिवणीत हाड जुळायला सुरुवात झालेली होती आणि सत्तावीस वर्षांच्या एका बाईच्या शिवणीत जुळण्याचा मागमूसही नव्हता. एवढंच नाही, शिवण एकदम बंद होत नाही. आधी मागच्या बाजूला हाडाचे बारीक पूल तयार होतात आणि पुढचा भाग बराच काळ मोकळा राहतो. पुढच्या काळात तर सत्तरी ओलांडलेल्या माणसाचीही शिवण न जुळलेली आढळली आहे. दोन मैत्रिणी एकाच दिवशी जन्मल्या असल्या तरी त्यांच्या टाळूचं वय एक असेल असं नाही. या लेखातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे. पुढे डॉक्टरकडे गेल्यावर ती आपल्याला लागणार आहे.

पण त्याआधी प्रवरेच्या काठावर एक फेरी मारू, कारण जुन्या सांगाड्यांचं वय ओळखायलाही शिवणी कामी येतात. नगर जिल्हा, म्हणजे आता सरकारदरबारी अहिल्यानगर जिल्हा. रतनगडाच्या परिसरात उगम पावणारी प्रवरा इथून वाहत जाते आणि नेवासे तालुक्यात गोदावरीला मिळते. संगमनेरजवळचं जोर्वे, श्रीरामपूर तालुक्यातलं दायमाबाद आणि ज्ञानेश्वरीचं नेवासे ही तिन्ही गावं या नदीच्या काठची, आणि तिन्ही ठिकाणी जमिनीखाली तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती सापडली आहे. दायमाबादची वस्ती तर त्याहूनही जुनी. बैलांच्या रथाची, हत्तीची, गेंड्याची ती सुंदर धातूची शिल्पं १९७४ मध्ये दायमाबादलाच मिळाली.

नेवाशाला १९५४ पासून हसमुख सांकलिया आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले त्यांचे सहकारी उत्खनन करत होते. तिथे घरांच्या जमिनीखाली मातीचे मोठे रांजण निघाले, दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले. आत लहान मुलांचे सांगाडे होते. त्या काळची माणसं आपलं गेलेलं मूल गावाबाहेर नेत नसत, घरातच, आपल्या पायाखालच्या जमिनीत ठेवत. एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती आणि मण्यांच्या आत ओवलेला दोराही तांब्यामुळे टिकून राहिला होता. आईने किंवा आजीने ती माळ गळ्यात घातली असेल. मला ती माळ विसरता येत नाही.

रांजणातलं मूल किती वर्षांचं होतं, हे अभ्यासक कसं ओळखतात? पहिली साक्ष दातांची. दुधाचे कोणते दात आले आहेत, जबड्याच्या आत मोठे दात कितपत तयार झाले आहेत, यावरून वय बऱ्यापैकी नेमकं सांगता येतं. डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे आणि अमेरिकेचे जॉन लुकाक्स यांनी घोड नदीकाठच्या इनामगावला मिळालेल्या सांगाड्यांचा असा अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ १९८६ मध्ये निघाला. इनामगाव पुणे जिल्ह्यात, पण आपल्या जिल्ह्याच्या हद्दीला लागूनच.

दुसरी साक्ष शिवणींची. धागे मातीत कुजून जातात, हाड उरतं. त्यामुळे जमिनीतून निघालेल्या लहान मुलाच्या टाळूची दोन हाडं सुटी होतात, आणि शिवण बुजलेल्या म्हाताऱ्या माणसाची टाळू अखंड हातात येते. अमेरिकेतल्या रॉबर्ट मान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये, ज्यांचं वय माहीत होतं अशा माणसांच्या टाळू तपासून शिवणी कोणत्या क्रमाने बुजतात ते मांडलं. आधी पुढच्या दातांमागची छोटी शिवण, मग उभ्या शिवणीचा मागचा भाग, मग आडवी शिवण आणि सगळ्यात शेवटी उभ्या शिवणीचा पुढचा भाग. सांगाडा तरुणाचा की म्हाताऱ्याचा, एवढं त्यावरून कळतं. नेमकं वर्ष कळत नाही. का कळत नाही, ते तुम्हाला आता माहीत आहे.

आता जिवंत मुलांकडे येऊ. काहींचा वरचा जबडा खालच्यापेक्षा अरुंद राहतो. दात मिटले की वरचे दात खालच्या दातांच्या किंचित बाहेर बसायला हवेत, पण अशा मुलांचे मागचे वरचे दात आत पडतात. मग नीट चावता यावं म्हणून मूल खालचा जबडा एका बाजूला सरकवून तोंड मिटायला शिकतं, आणि वर्षानुवर्षं तसंच चाललं तर चेहराही थोडा एकीकडे झुकलेला दिसू शकतो. मोठेपणापर्यंत अंगठा चोखत राहणं हे यामागचं एक कारण. अंगठा तोंडात असला की जीभ खाली राहते आणि गाल दोन्हीकडून दाबतात. नाक सतत चोंदलेलं असल्यामुळे तोंडाने श्वास घेणाऱ्या मुलांचीही जीभ अशीच खाली राहते. जिभेची खरी जागा वर, टाळूला टेकून. तिथे राहिली तर ती टाळूला आतून आधार देते.

अशी अरुंद टाळू रुंद करून दाखवली १८६० मध्ये. अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरात एमर्सन अँजेल नावाचे दंतवैद्य होते. त्यांच्याकडे साडेचौदा वर्षांची एक मुलगी आली. दातांना जागा नव्हती. त्या काळी अशा वेळी एखादा दात उपटून टाकत. अँजेलनी दात न उपटता तिच्या टाळूत आडवा स्क्रू बसवला, दोन्ही टोकं दोन बाजूंच्या दातांना टेकवली आणि एक छोटी चावी तिच्याच हातात दिली. स्क्रू सैल पडू द्यायचा नाही, अधूनमधून फिरवत राहायचं, हे काम त्या मुलीचं. दोन आठवड्यांत तिचा जबडा पाव इंचाने रुंद झाला आणि पुढच्या दोन दातांच्या मध्ये फट दिसायला लागली. अँजेल म्हणाले, टाळूची हाडंच एकमेकांपासून सरकली आहेत.

इतर दंतवैद्यांना ते पटलं नाही. हाड असं सरकेलच कसं? आणि अँजेलना दाखवायला पुरावाही नव्हता. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून पस्तीस वर्षं होती! फट दिसली तरी ती फक्त दात सरकल्यामुळे पडली असेल, असं कुणीही म्हणू शकत होतं. ही पद्धत पुढे बराच काळ मागे पडली. मग अँड्र्यू हास यांनी ती आधी डुकरांवर करून पाहिली, नंतर मुलांवर, आणि १९६१ मध्ये क्ष-किरणांच्या चित्रांसकट छापली. चित्रात टाळूच्या मध्यावर काळी फट स्पष्ट दिसत होती, पुढे रुंद, मागे अरुंद. अँजेलचं म्हणणं खरं होतं. फक्त ते सगळ्यांना दाखवायला शंभर वर्षं लागली.

आजचं उपकरणही मूळ कल्पनेत तेच आहे. मागच्या दाढांना धातूची कडी बसवतात, त्यांना जोडलेल्या जाड तारा टाळूच्या मधोमध येतात आणि तिथे एक छोटा स्क्रू असतो. त्याच्या भोकात बारीक चावी घालून आई किंवा बाबा ती पुढून मागे ढकलतात. अशा एका खेपेला बहुतेक स्क्रू साधारण पाव मिलिमीटर उघडतात. दिवसातून दोनदा चावी फिरवली तर अर्धा मिलिमीटर. दहा दिवसांत किती? करा हिशेब. पाच मिलिमीटर!

मूल यात काय अनुभवतं, तेही सांगते, म्हणजे कुणाला लावलं तर घाबरायला नको. चावी फिरवल्यावर काही वेळ टाळूत आणि नाकाच्या मुळाशी दाब जाणवतो. पहिले काही दिवस लाळ जास्त सुटते, बोलणं बोबडं होतं, पोहे आणि शेवया उपकरणात अडकतात. मग एक दिवस पुढच्या दोन दातांच्या मध्ये फट पडते. आई घाबरते, डॉक्टर मात्र खूश होतात, कारण शिवण उघडल्याची ती पहिली खूण असते. ही फट पुढे दात जवळ येऊन आपोआप बरीच कमी होते, कारण हिरडीतले ताणलेले धागे दातांना एकमेकांकडे ओढतात.

चावी फिरवणं दोन-तीन आठवड्यांत संपतं, पण उपकरण लगेच काढत नाहीत. ते तीन ते सहा महिने तसंच तोंडात ठेवतात, आणि मुलं यालाच कंटाळतात. पण आत त्या वेळी मोठं काम चाललेलं असतं. शिवणीतले धागे ताणले गेले की तिथल्या पेशी जाग्या होतात, रक्तवाहिन्या वाढतात आणि मोकळ्या जागेत नवं हाड भरायला लागतं. उपकरण लवकर काढलं तर हाडं परत जवळ सरकतील. धीर धरायचा तो एवढ्यासाठी.

हे सगळं चांगलं जमतं ते शिवण फार गुंतायच्या आधी. बोटांचा खेळ आठवतोय ना? मोठ्या माणसाच्या टाळूत नुसता दातांना टेकवलेला स्क्रू फिरवला तर हाडं हलत नाहीत आणि सगळा जोर दातांवर येतो. दात बाहेरच्या बाजूला कलतात, हिरडी दातांवरून मागे हटू शकते, दुखतंही खूप. म्हणून पूर्वी मोठ्यांसाठी एकच वाट होती: शस्त्रक्रिया करून हाड मोकळं करायचं आणि मग स्क्रू फिरवायचा. २०१० च्या सुमारास कोरियातल्या डॉक्टरांनी वेगळी वाट दाखवली. त्यांनी उपकरण छोट्या स्क्रूंनी थेट टाळूच्या हाडातच बसवलं. जोर दातांवर न येता हाडावर येतो, आणि बऱ्याच तरुण मुलामुलींची शिवण शस्त्रक्रियेशिवाय उघडते. सगळ्यांची नाही. ज्यांची शिवण पुरती बुजली आहे त्यांना अजूनही शस्त्रक्रियाच लागते.

मग कुणाला काय लागेल हे ठरवायचं कसं? वाढदिवस मोजून? पंधराव्या वर्षी जुळू लागलेली ती मुलगी आणि सत्ताविसाव्या वर्षीही न जुळलेली ती बाई आठवा. वय विचारून चालणार नाही, शिवण बघावी लागेल. २०१३ मध्ये ब्राझीलच्या फर्नांडा अँजेलिएरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी एक रीत सुचवली. तोंडाचा त्रिमितीय एक्स-रे काढायचा, त्यात शिवण शोधायची आणि तिला ए ते ई अशा पाच पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवायचं. ए म्हणजे जवळजवळ सरळ रेघ. बी म्हणजे नागमोडी. सी म्हणजे दोन नागमोडी रेघा अगदी शेजारी. डी म्हणजे मागचा भाग जुळलेला, आणि ई म्हणजे पुढचाही. ए आणि बी असेल तर साधा स्क्रू पुरतो, ई असेल तर तो फिरवण्यात अर्थ नाही. तुमच्यासारख्या लहान मुलांना बहुतेक वेळा हा एक्स-रे लागतही नाही, कारण त्यांची शिवण उघडी असणार हे जवळजवळ नक्की असतं. तो उपयोगी पडतो कॉलेजातल्या ताई-दादांना.

आता हे कुठल्या दूरच्या देशात होतं असं समजू नका. नेवाशाच्या त्या रांजणांपासून प्रवरेच्या वरच्या अंगाला गेलं की राहाता तालुक्यात लोणी लागतं. विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांना एकत्र करून उभा केलेला सहकारी साखर कारखाना इथलाच. त्याच लोणीत प्रवरा संस्थेचं ग्रामीण दंत महाविद्यालय आहे, आणि दात व जबडे सरळ करण्याचं शास्त्र शिकवणारा वेगळा विभाग तिथे आहे. संगमनेरजवळ घुलेवाडीलाही दंत महाविद्यालय आहे. उसाच्या फडात, शेतात राबणाऱ्या घरातल्या मुलामुलींना आपल्या जिल्ह्यात ही तपासणी करून घेता येते, याचा मला फार आनंद वाटतो. तारा म्हणजे श्रीमंतांची आणि शहरातल्यांची हौस, हा समज जायला हवा. अरुंद जबड्यामुळे नीट चावता येत नाही, तोंड एकीकडे सरकतं. ही हौशीची गोष्ट कशी असेल?

तेव्हा आज एक काम करा. आरशासमोर उभे राहा, मागचे दात नेहमीसारखे मिटा आणि दोन्ही गाल बोटांनी बाजूला ओढून बघा. वरचे दात सगळीकडून खालच्या दातांच्या थोडे बाहेर बसले आहेत का? एखाद्या बाजूला ते आत गेले असतील, तोंड मिटताना हनुवटी एकीकडे सरकत असेल, झोपेत तोंड उघडं राहतं असं आई म्हणत असेल किंवा धाकटी भावंडं अजून अंगठा चोखत असतील, तर घरी सांगा आणि दंतवैद्याकडे जा. अमेरिकेतल्या दंतव्यंगतज्ज्ञांची संघटना तर म्हणते, की काही त्रास नसला तरी सातव्या वर्षापर्यंत प्रत्येक मुलाचे दात-जबडे एकदा तपासून घ्यावेत. आणि घरातल्या एखाद्या ताईला किंवा दादाला ‘आता वय उलटलं, काही होणार नाही’ असं कुणी सांगितलं असेल, तर त्यांना हा लेख वाचायला द्या आणि म्हणा, आधी शिवण तपासून घे.